सौनातला भिडू आणि माझा टँगो

हामेनलिना,
जूनचा पहिला आठवडा

ती. सायमीताईस,

धाकट्या आउलिसचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकता येतं. कसं, ते पुढे येईलच.) पायांची सूज उतरली का? बोरोसच्या डॉक्टरला दुखणं नीट स्वीडिशमध्ये सांगतेस ना, की अजूनही फिनिशच जरा मोठ्या आवाजात बोलतेस? स्टेनभावजींचा खोकला कसा आहे? माझं म्हणशील तर मी ठीक आहे. ठीक कसला, उत्तम आहे. ताई, हे पत्र बसून वाच, आणि शेजारीण आली असेल तर तिलाही मोठ्याने वाचून दाखव, कारण असं पत्र आपल्या घराण्यात आजवर कुणी लिहिलेलं नाही. तुझा भाऊ नाचला. चारचौघांत नाचला, परक्या बाईबरोबर नाचला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बोलला.

तुझा विश्वास बसणार नाही, आणि तुझंही बरोबर आहे. सगळा जन्म नगरपालिकेची बर्फ सारायची गाडी चालवण्यात गेला. त्या केबिनमध्ये बोलायचं कुणाशी? आणि बर्फ काही ‘जरा सरकता का’ म्हटल्याने सरकत नाही. निवृत्त झालो तरी सवय तीच. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या तळघरातल्या सौनात एक तास माझा एकट्याचा असायचा. वरच्या फळीवर बसावं, तापल्या दगडांवर पाणी टाकावं, वाफ अंगावर घ्यावी आणि जगात दुसरं कुणी नाही असं समजावं; याला मी सुख म्हणत असे. मार्चमध्ये इमारतीच्या रखवालदाराने घोळ घातला आणि तोच तास एका नव्या भाडेकरूलाही देऊन टाकला. (देव त्या रखवालदाराचं भलं करो. तेव्हा मी देवाला नेमकं उलटं सांगितलं होतं.)

हा भाडेकरू म्हणजे उर्हो पार्सिनेन. गाव लापेनरांता, म्हणजे पार कारेलियाच्या बाजूचा, आणि धंद्याने न्हावी. बायको लेम्पी गेल्यावर दुकान विकून लेकीच्या गावी आलेला. कारेलियाची माणसं बोलकी असतात हे आपण लहानपणापासून ऐकलंय, पण त्यात न्हावी म्हणजे काय, हे ज्याने त्याने सौनात बसून अनुभवावं. तिथून पळताही येत नाही, अंगावर कपडे नसतात. पहिल्या शुक्रवारी त्याने बटाट्यांपासून सुरुवात केली आणि स्वर्गात गर्दी असेल का इथपर्यंत आला. मी एक अक्षर बोललो नाही. मला वाटलं, कंटाळेल. पण या गृहस्थाला माझं गप्प राहणं म्हणजे होकार वाटायचा! “आउलिस, येत्या रविवारी मासे धरायला जाऊ या का?” मी गप्प. “ठरलं तर मग!” आणि रविवारी हा दारात गळ घेऊन हजर. याच पद्धतीने मी संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वर्गाला गेलो, लसूण खाल्ला, आणि माझे केस त्याच्याकडून कापून घेतले. (फार सुरेख कापतो. मागून मी बँकेचा साहेब वाटतो.) आणि ताई, कुणाला सांगू नकोस, पण एका शुक्रवारी त्याला सर्दी झाली म्हणून तो आला नाही, तेव्हा मला ती वाफसुद्धा गार लागली.

एप्रिलात त्याने विचारलं, “उन्हाळ्यात तळ्याकाठच्या मंडपात टँगोला जाऊ या का?” मी नेहमीसारखा गप्प, मग लक्षात आलं आणि जोरात “नको!” म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडात वाफ गेली आणि ठसका लागला. तो म्हणाला, “अरे वा, एवढा आनंद!”

नाचता तर येत नव्हतं. तेव्हा सराव सुरू झाला तो तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत, लोकांच्या चादरींच्या मधून वाट काढत. पार्सिनेन बाई व्हायचा, मी पुरुष. (त्यानेच ठरवलं. म्हणाला, बाईला पाय कळतात, तुला कळत नाहीत.) एकदा असे आम्ही दोघं म्हातारे गालाला गाल लावून फिरत असताना चादर बाजूला झाली आणि समोर इमारतीच्या समितीच्या अध्यक्षीणबाई, राउहा वेहमास, ओल्या कपड्यांची टोपली घेऊन उभ्या. त्यांना पाहून पोस्टमनसुद्धा टोपी काढतो. आम्ही तसेच थिजलो, मिठी सोडायचंही सुचेना. बाईंनी शांतपणे टोपली खाली ठेवली, चादरी झटकून वाळत घातल्या, आणि जाताना दारातून म्हणाल्या, “डावा पाय चुकतोय.”

आता मंडपातली हकीगत. परवाच्या शनिवारी गेलो. नवा सदरा, पार्सिनेनने दोघांच्याही मानेवर शिंपडलेलं न्हाव्याचं अत्तर; बोटीतून उतरणाऱ्या लोकांना वारा आमच्या आधी आमची वर्दी देत होता. बायका एका बाजूच्या बाकांवर, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये रिकामी फरशी. बर्फाने भरलेल्या हमरस्त्याला मी आयुष्यात भ्यालो नाही, पण ती फरशी! डोळे मिटल्यासारखा गेलो आणि निळ्या झग्यातल्या एका बाईंपुढे उभा राहिलो. “नाचता का?” हे दोन शब्द पाठ केले होते, ते वाटेत सांडले. मी नुसता उभा. त्या बऱ्याच वेळाने स्वतःच उठल्या. रीतीप्रमाणे दोन गाणी नाचलो. पाय तुडवला, पण एकच. मग बाईंना त्यांच्या जागी पोचवायचं असतं, तर मी घाबरून त्यांना थेट पुरुषांच्या बाकावर नेऊन बसवलं, वाकून नमस्कार केला आणि निघून गेलो.

विजयाने फुगून पार्सिनेनला शोधायला गेलो, तर हा बिचारा कोपऱ्यात, खांबाला टेकून, मान लालभडक. मी म्हटलं, तुझं काय? तो गप्प. पार्सिनेन आणि गप्प! मला वाटलं झटका आला. अखेर पुटपुटला, “मी लेम्पीशिवाय कुणाबरोबर नाचलेलो नाही रे. आणि तिलाही मी विचारलं नव्हतं, तिनेच मला विचारलं होतं. मला विचारताच येत नाही. चल, घरी जाऊ.”

ताई, जो माणूस माझ्यासाठी महिनोन्महिने दोघांच्या वाटचं बोलला, तो असा हातातली टोपी चुरगाळत बसलेला मला बघवेना. समोर बायकांच्या बाकावर आमच्या इमारतीच्या अध्यक्षीणबाई बसल्या होत्या. मी ती फरशी पुन्हा ओलांडली आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोललो. म्हटलं, “बाई, तो तिकडे माझा मित्र बसलाय, चांगला माणूस आहे, एरवी फार बोलतो पण आज त्याला बोलता येत नाहीये, आणि त्या दिवशी डावा पाय माझा चुकत होता, त्याचा नाही.” सगळा बाक माझ्याकडे बघत होता. ‘मित्र’ हा शब्द मी मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारला असेन. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हे त्याने सांगायला सांगितलं?”

“नाही. तो घरी जायचं म्हणतोय.”

“रडवेला झालाय का?”

“थोडासा.”

“मग चला,” म्हणाल्या, आणि स्वतःच निघाल्या. पार्सिनेन पिसासारखा नाचला, ताई. लोक थांबून बघत होते. आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाला, न विचारता, सांगितलं की तो माझा मित्र आहे. दोनदा सांगितलं.

एवढ्यात बायकांनी पुरुषांना नाचायला विचारायची वेळ झाली आणि त्या निळ्या झग्यातल्या बाई माझ्यासमोर उभ्या. नाव इर्या कुइस्मा, शाळेत सुतारकाम शिकवतात. म्हणाल्या, “तुम्ही मला पुरुषांत नेऊन बसवलंत, तेव्हापासून एक गाणं बसू दिलं नाही कुणी. इतकी वर्षं येते, पण ही युक्ती सुचली नव्हती.” मग आम्ही शेवटपर्यंत नाचलो, आणि मी बोललो. बर्फाविषयी बोललो, तुझ्याविषयी, माशांविषयी. त्या हसत होत्या. माझ्या बोलण्यावर, ताई, मला नव्हे.

तेव्हा लहानपणी मला ‘ओंडका’ म्हणणाऱ्या सगळ्यांना (तू धरून) आपल्या आउलिसचं हे वर्तमान कळव. भावजींना नमस्कार.

तुझा,
आउलिस

ता. क. गुडघ्याला पट्टी बांधली आहे. काळजीचं कारण नाही, नाचणाऱ्यांना होतंच असं.

ता. क. आणखी एक. पार्सिनेनने पत्र वाचलं. म्हणतो, पाय एकच तुडवला हे खरं, पण सारखा तोच.

ता. क. पत्र लिहायचं मूळ कारण राहूनच गेलं. आईच्या वेलचीच्या पावांची कृती उलट टपाली पाठव. बोलण्याच्या भरात मी इर्याबाईंना सांगून बसलो की ते मी दर रविवारी स्वतः भाजतो. त्या येत्या रविवारी कॉफीला येणार आहेत. कृतीत ‘अंदाजाने’ हा शब्द कुठेही लिहू नकोस. माणूस बोलायला लागला की थापाही मारायला लागतो, हे मला आधी कुणीच कसं सांगितलं नाही?