मावशींचा डबा अडवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
औषध संशोधन केंद्र व संलग्न रुग्णालय

विषय : काचसामान धुणाऱ्या मावशींचे अन्न तूर्त थांबवण्याबाबत.
संदर्भ : कर्मचाऱ्यांना दुपारचे जेवण देण्याचा आपला आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार, जंतुशास्त्र विभागाचा वरिष्ठ संशोधक, निवेदन करतो की, कोणाच्या पोटावर पाय देण्याचा त्याचा स्वभाव नाही. तथापि आपल्या आदेशाने अर्जदाराच्याच तोंडाशी आलेला घास हिरावला गेला आहे.

अर्जदाराचे नवे प्रतिजैविक काचेच्या बशीत जंतूंचा फडशा पाडते. मात्र माणसाच्या रक्तातील प्रथिने त्याला धरून बसतात, आणि धरलेले औषध जंतूंना काही करू शकत नाही. मोकळे राहील तेवढेच कामाचे. म्हणून चाचणीत रक्तद्रव मिसळणे सक्तीचे आहे. त्यासाठी रक्त द्यायला विभागातील सर्वांनी हात आखडता घेतला. एकट्या मावशींनी दंड पुढे केला. त्यांच्या रक्तात औषध इतके उत्तम चालले की अर्जदाराने दुसऱ्या कोणाचे रक्त घेतलेच नाही. कारण मागाहून कळले. मावशी घरचे सगळे जेवून काही उरले तरच जेवत, त्यामुळे औषधाला धरायला त्यांच्या रक्तात पुरेशी प्रथिनेच नव्हती.

अशी आदर्श परिस्थिती असताना आपण जेवण सुरू केलेत. मावशींच्या गालांवर मांस चढले आणि अर्जदाराच्या बशीतले जंतू मजेत वाढू लागले. औषधाला मान्यता देणाऱ्या समितीची बैठक तोंडावर आली आहे. डाळ व अंडे टाळण्याची विनंती केली असता मावशींनी, "साहेब, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला वाढतंय. तेवढं सोडून काय ते सांगा," असे उत्तर दिले. सदर उत्तर शिस्तीस सोडून आहे.

पुढे फुटक्या काचनळीने मावशींचा तळहात कापला, पू झाला, ताप चढला. अर्जदाराने मोठ्या मनाने स्वतःचेच औषध त्यांना देवविले. गुण आला नाही. त्या उपाशी असत्या तर आला असता, याचे अर्जदारास मनापासून वाईट वाटते.

सुदैवाने आजार बळावला. वॉर्डात मावशींना पाण्याखेरीज काही गिळवेना. रक्तातील प्रथिने झपाट्याने उतरली, मोकळे औषध वाढले आणि काल जखम सुकू लागली. अहवाल पाहून अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले. परंतु आज सकाळी ताप उतरताच मावशींनी खायला मागितले, आणि इथेच घात आहे. त्यांची बहीण डबा घेऊन वॉर्डाच्या दाराशी उभीच असते व समजावायला गेल्यास हातघाईवर येते.

सबब विनंती की, समितीसाठी रक्ताचे सर्व नमुने घेऊन होईपर्यंत सदर डबा दारावरच अडवण्याचे आदेश व्हावेत. त्यानंतर मावशींनी पोटभर जेवण्यास अर्जदाराची काहीही हरकत नाही. तोवर त्या जेवण्याच्या स्थितीत राहतील काय, असे वॉर्डाचे डॉक्टर विचारतात. तो प्रश्न अर्जदाराच्या विभागाचा नाही.

आपल्या आदेशाची वाट पाहत, वॉर्डाच्या दारातूनच,
आपला नम्र
(सही)
वरिष्ठ संशोधक, जंतुशास्त्र विभाग

दिनांक : आजचाच, तातडीचा

सोबत : आज अडवलेला डबा. आत दूध व उकडलेली अंडी दोन. पैकी एक अर्जदाराने खाऊन पाहिले. ताजे होते.