बँकेचा एक वॉनही न घेता

३ मार्च
आजपासून लग्नांचे व्हिडिओ बंद. वीस वर्षं नवरा-नवरींना "हसा" म्हणून झालं. आता डॉक्युमेंटरी. बँका हवेतून पैसा काढतात आणि जगाला कर्जात बुडवतात, हे अख्ख्या देगू शहरात फक्त मला कळलंय. बायको म्हणाली, "अहो, नोव्हेंबरात भाड्याच्या घराचं डिपॉझिट वाढतंय, ते कळलंय का?" मीरानची दृष्टी जरा तोकडी आहे.

११ मार्च
बँकेविरुद्धची फिल्म बँकेच्या पैशाने? छे! मीरानला भिशी लागलीय. एक कोटी वीस लाख वॉन. डिपॉझिटसाठी ठेवायचे होते म्हणे. फिल्म विकली की दुप्पट देईन. दोन दिवस अबोला, मग पाकीट हातात. म्हणजे पटलं.

१४ मार्च
भिशीप्रमुख योम मावशींची मुलाखत, त्यांच्याच किमचीच्या दुकानात. म्हणाल्या, भिशी आधी उचलली की हप्ता जरा जास्त. म्हटलं, हे तर व्याजच! "व्याज कसलं रे मेल्या? रीत आहे ती!" एडिटिंगमध्ये कापणार.

२ मे
भिशीचे हप्ते मी भरायचे ठरलंय, या महिन्याचा राहिला. मीरानला म्हटलं, एवढा महिना तू बघ.

२ जुलै
आता सांगावंही लागत नाही. गुणी बाई.

१९ ऑगस्ट
बँकांच्या इमारती वरून किती क्षुल्लक दिसतात ते दाखवायला ड्रोन घेतला. पहिल्याच शॉटला नदीत. पण शॉट चांगला आलाय.

२१ ऑक्टोबर
पहिला शो, मावशींच्या दुकानाच्या माळ्यावर. प्रेक्षक भिशीच्या बायका. सुरुवातीलाच पाटी: 'या चित्रपटासाठी बँकेचा एक वॉनही घेतलेला नाही.' मीरान हसायला लागली. थांबेचना. मावशींनी पाणी पाजलं.

घरी आल्यावर बोलली. मे महिन्यापासून हप्ते मायनस खात्यातून भरतेय. शिल्लक संपली तरी बँक ज्यातून पैसे काढू देते, तेच खातं. माझ्या फिल्ममध्ये सत्तावीस मिनिटं त्याचाच उद्धार आहे. आकडा सांगितला. मला फार लाज वाटली.

२२ ऑक्टोबर
डिपॉझिटच्या कर्जासाठी दोघं बँकेत. साहेबांनी विचारलं, यांचा व्यवसाय? मी तोंड उघडलं, तोवर मीरान म्हणाली, "लग्नाचे व्हिडिओ काढतात." साहेब खूश. शनिवारी त्यांच्या मेव्हणीचं लग्न आहे. मी कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. त्यांनी व्हिडिओच्या दरात सवलत मागितली. दिली.