बदली येईपर्यंत

लंडन, ७ मे १९२८
आलो एकदाचा! पेन्झान्सहून सबंध दिवस आगगाडीत गेला, पण कोट चुरगळला नाही. तीस वर्षं तारयंत्र बडवलेल्या माणसाला एका जुन्या केबल कंपनीचा इतिहास लिहायला बोलावतात, ही चैनच. सेक्रेटरी लव्हिबाँड हसत म्हणाले, की ट्रेगेन्झा, आमच्याकडे आता वीतभर तार नाही. समुद्रातली केबल नव्व्याण्णव साली विकली, तेव्हापासून आम्ही इतरांचे शेअर सांभाळत बसतो. पाटी तेवढी जुनी. १९ला अकरा वाजता टॅम्सिनचं लग्न. बाबा, तुमच्या हाताला धरल्याशिवाय मी चर्चची पायरी चढायची नाही, असं पोरीनं बजावलंय. त्याआधी घरी पोचायचंच.

९ मे
तळघरात जुनी दप्तरं, आणि कोपऱ्यात केबलच्या वाटेवरल्या एका बेटावरच्या ठाण्यातलं तारयंत्र, खुर्चीसकट! तार तोडलेली. झाडणाऱ्या मिसेस टॅपर म्हणाल्या, की त्या खुर्चीत नका हं बसू साहेब, मेली कधी गारच पडत नाही. बाई चहापेक्षा गप्पा जास्त उकळते.

११ मे
सभेच्या इतिवृत्तात सापडलं. केबल विकल्यावर ठाण्यावरची माणसं जहाजानं आणली, हॉकिंग तेवढा राहिला. तो पाळीवर होता. आम्हा तारवाल्यांचा नियम एकच: बदलीच्या माणसानं तारेवर आपली आद्याक्षरं पाठवली, की मगच उठायचं. त्याला बदली द्यायचं कुणाला सुचलंच नाही. सहा महिन्यांनी जहाज परत गेलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. पुढच्याच ओळीत संचालकांनी जेवणाचे आभार मानलेत. मला भयंकर चीड आली.

१४ मे
पाय दुखले म्हणून त्या खुर्चीत टेकलो. उबदार. यंत्राची शाईची लेखणी हलली. कागदी पट्टीवर उमटलं: पाळी संपली. बदली द्या. तीस वर्षांची सवय. बोटांनी कळ दाबून माझी आद्याक्षरं पाठवूनही टाकली. उत्तर आलं: आभारी आहे. हॉकिंग.
मला उठता येत नाहीये.

१६ मे
मिसेस टॅपरनी खुर्ची पुसली. फडकं माझ्या छातीतून गेलं. मी ओरडतोय आणि त्या गुणगुणतायत —

१८ मे
लव्हिबाँड एका गृहस्थांना घेऊन आले. त्यांना सांगत होते, की ट्रेगेन्झा न सांगताच मुलीच्या लग्नाला पळाला, आता इतिहास तुम्हीच पुरा करा. हेही जुने तारवालेच. भला दिसतो माणूस. त्याच्या पाकिटात बायकोचा फोटो —

१९ मे
अकराला पाच कमी. तो यंत्राशी उभा आहे. पट्टी वाचतोय. मी पाठवलेली. बोट कळीकडे —
नको, बाबा रे, नको करूस —
टॅम्सिन पायरीशी थांबली असेल —
कर. कर ना रे, लवक