शेवटी कोण झोपणार

२७ मार्च १९९४, रविवार

मोतीलाल नाना आज एक माणूस घेऊन आला. निंबा नाव. शिरपूरकडचा, ट्रकांची कामं करतो. पोत्यात गुंडाळून टर्बो आणलाय — रावेर रस्त्यावर केळीचा ट्रक उलटला होता, त्याच्या इंजिनाचा. माझ्या गॅरेजात, माझ्याच बाकावर त्यानं तो ठेवला. माझी पान्ह्यांची पेटी बाजूला सरकवून!

“पुना, आते सात नही, अकरा माणसे,” नाना म्हणाला.

दहा वर्षं झाली, नाना जत्रेजत्रेत बुलेटची उडी मारतो. सात माणसं आडवी झोपवायची आणि त्यांच्यावरून गाडी पलीकडे. त्या सातांपलीकडे नेणारं इंजिन माझं आहे. हे नानाला आज आठवलं नाही. दिवसभर “निंबा, निंबा.”

३० मार्च

दहा वर्षं मी हेड घासून घासून इंजिनाचा दाब वाढवला. हा निंबा म्हणतो, “दाब कमी करना पडी. टर्बो हवा कोंबस. नही ते पिस्टन गया समज.” आणि हेडखाली जाडजूड पॅकिंग टाकून मोकळा झाला.

म्हणजे मी केलं ते सगळं उलटं! नाना मान डोलावत होता. त्याला पॅकिंग म्हणजे काय तेही कळत नाही.

२ एप्रिल

हायवेवर पाळधीपर्यंत चाचणी. आधी काहीच नाही. गाडी जड, सुस्त. मी मनात म्हटलं, फसला याचा टर्बो! पण जरा वेग धरला आणि शिट्टी सुरू झाली. मग काय गेली ती! मीटरचा काटा आकड्यांच्या बाहेर. नाना परत आला तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता. माझं इंजिन चालवून तो इतका हसलेला मी पाहिला नाही.

मीही एक फेरी मारली. खोटं कशाला लिहू, खाली उतरावंसं वाटेना. उतरलो आणि निंबाला म्हणालो, “क्लच घसरतोय.” घसरत नव्हता.

५ एप्रिल

ठरलं. यंदा धुळ्याच्या जत्रेत शेवटची जागा निंबाची.

आमचा नियमच आहे — ज्यानं इंजिन बांधलं तो रांगेत शेवटी झोपणार. गाडी कमी पडली तर पहिला मार त्याला. दहा वर्षं ती जागा माझी. भोंग्यावर सांगतात, “आणि शेवटी, इंजिन बांधणारे पुना मिस्तरी!” मग टाळ्या. नानालाही तेवढ्या मिळत नाहीत.

“तू चौथा झोप,” नाना म्हणाला. चौथा! बटाट्याच्या पोत्याला कुठंही टाकावं तसं.

घरी बायकोला सांगितलं तर द्रौपदाला आनंद मावेना. “देवीनी मन्हं आयकं,” म्हणाली. शेजारी नारळ वाटला, संध्याकाळी मांडे केले. माझी इज्जत गेली आणि घरात मांडे! जेवणार नव्हतो. तीन खाल्ले.

९ एप्रिल

नानानं निंबाला स्वतःचं जुनं चामड्याचं जाकीट दिलं. मला कधी विचारलंसुद्धा नव्हतं. निंबाला ते ढगळ होतं. बरं झालं.

१९ एप्रिल

आज एक दिसलं. टर्बोपासून इंजिनाकडे जो रबरी पाइप जातो, तो ट्रकच्या रेडिएटरचा आहे, पाण्यासाठीचा. बाहेरून टर्बोची आच आणि आतून पेट्रोलची वाफ, ते रबर टिकत नाही. वरून नवा दिसतो, पण वाकवला की खालच्या अंगाला बारीक चिरा. ऐन जोरात फुटला की गाडी उडीच्या तिरक्या फळीवर चढता चढताच मरणार. निंबाच्या लक्षात नाही. ट्रकमध्ये त्या पाइपातून पेट्रोल कधी जातच नाही ना!

सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात नाना निंबाच्या खांद्यावर हात टाकून चहाला गेला. मला हाक नाही. तोंड मिटलं.

२० एप्रिल

सांगितलं नाही.

२२ एप्रिल

आजही नाही. पाइप फुटला तर नाना गाडी सोडून उडी टाकेल, तेवढं त्याला येतं. गाडी मात्र रांगेच्या टोकाला पडणार. टोकाला कोण? मी नाही. मी चौथा. हा विचार आला आणि बसूनच राहिला. हाकलला नाही मी त्याला.

द्रौपदा विचारत होती, जेवण का जात नाही. म्हटलं ऊन लागलंय.

२४ एप्रिल, धुळे

पांझरेच्या काठी मैदान मिळालं. दुपारी फळी ठोकली. मी निंबाकडे बघतही नव्हतो. तोच माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ काडीनं जमीन उकरत होता.

“पुनाभाऊ, तठे झोपावर डोया मिटाना का उघडा ठेवाना?”

दहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. या जागेचं माझ्याशिवाय कोणाला काही माहीतच नाही. म्हणालो, “उघडे ठेव. मिटले की आवाज फार मोठा होतो.” त्यानं मान हलवली. घरी कोणाला सांगून आला नाहीये म्हणे.

सगळे देवीच्या दर्शनाला गेले. मी “डोकं दुखतंय” म्हणून मागे राहिलो. पाइप काढला. बोटानं दाबला तर चीर उघडून आतला काळा लगदा दिसला. डिझेल पंपाला लावतात तो कापडी पदराचा जाड पाइप गावातून आणला, कापून बसवला, दोन्हीकडे दुहेरी क्लिपा आवळल्या. जुना नदीत फेकला. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर विचारतील, कधी दिसला?

२५ एप्रिल

अकरा जण झोपले, शेवटी निंबा. भोंग्यावर त्याचं नाव झालं. नाना लांब, गाडी चालू करून उभा. मी चौथ्या जागेवरून उठलो आणि निंबाच्या पलीकडे जाऊन झोपलो.

“भाऊ, आठे कसाले झोपनात?”

“टर्बोचा पाइप मी बदललाय. काल.”

त्यानं माझा सदरा मुठीत धरून मला अंगाशी ओढून घेतलं. “जवय सरका. बोटभर बी जागा नको.”

रांग लांबलेली नानानं पाहिली. तरी गाडी दामटली.

चाक माझ्यापलीकडे टेकलं. लोक येऊन उठवायला लागले तरी निंबानं सदरा सोडला नव्हता. मीही सोडवून घेतला नाही.