जिथं हसलात तिथंच

४ एप्रिल, शनि.
सकाळी सोसायटीचा ग्रुप उघडला तर गच्चीचा फोटो. कमळाकाकीनं जुन्या साडीवर वाळत घातलेला जवळा. खाली चौथ्या मजल्यावरच्या साळवींची ओळ: ‘सोसायटीत परफ्यूमचं दुकान उघडलंय. मालकीण तळमजल्यावर.’ मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग. साळवी स्वतः दर रविवारी पिशवी भरून मासे आणतात, म्हणजे वासाचं काही नाहीच. नुसती मजा.
दुपारी ग्रुपवर एक बारीक ओळ. काकी ग्रुपमधून बाहेर पडली.

५ एप्रिल
गच्ची रिकामी. काकीचं दार बंद. अंबरनाथच्या बाजारातून सुकं आणून ऊन दाखवायचं, पावसाळ्याची सोय करायची, हे तिचे दिवस. त्यातलं अर्धं आम्हा शेजारणींनाच वाटून टाकते. ही इमारत तिच्या सासऱ्यांच्या शेतावर उभी आहे. आमच्या हेंद्रेपाड्यात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणाच्या लक्षात नाही.
खिडकीतून म्हणाली, “सून बोलते, आई, नको वालवू, लोक हसतात. मग नाय वालवत.” डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं वाटलं असतं.
ग्रुपची अ‍ॅडमिन मी. साळवींना झोडपणारा मोठा मजकूर लिहिला. फार छान जमला होता, म्हणूनच पुसला. फक्त फोटो काढून टाकला.

६ एप्रिल
साळवींच्या दारात.
“अहो वहिनी, गंमत हो! तुम्ही लेखक लोक फार मनाला लावून घेता.”
“हीच गंमत काकीच्या दारात उभं राहून कराल?”
आतून त्यांची बायको, “जा की आता. गेल्या वर्षी तिनं दिलेला जवळा चाटूनपुसून खाल्लात.”
गेले बिचारे, मागोमाग मी. काकीनं दार उघडलं नाही. साळवी बंद दाराशी, “काकी, चुकलं माझं.” आतून आवाज, “फोटू सगल्यांना दाखवलास. माफी एकल्या दाराला कशाला?”
जिना चढताना साळवींचे कान लाल. “ग्रुपवर माफी मागू? हसतील ओ मला.”
“तिलाही हसलेच ना.”

९ एप्रिल
काही नाही. साळवी जिन्यात नजर चुकवतात. माझी कथाही पडून. आणखी एकदा सांगावं का? नको. टोचून मागवलेली माफी म्हणजे...

१० एप्रिल
साळवींनी लिहिलं! सकाळी, ग्रुपवर, सगळ्यांसमोर. ‘मी कमळाकाकींची चेष्टा केली. न विचारता त्यांच्या वाळवणाचा फोटो टाकला. चुकलो. काकी, माफ करा.’
कुणी हसलं नाही. मग एकेक. ‘मीपण हसले होते. सॉरी काकी.’ ‘मीपण.’ दुसऱ्या मजल्यावरचे गुप्ताजी, ‘काकीजी, हमसे भी गलती हुई.’
आणि मग ट्यूब पेटली. जिच्यासाठी हे चाललंय ती ग्रुपवर आहेच कुठे?
फोन घेऊन पळत खाली. दारातच सगळं वाचून दाखवलं. काकीचा चेहरा निकाल देणाऱ्या पंचासारखा. शेवटी, “साल्व्याचा परत वाच.” वाचला. “हलू वाच गो.” परत वाचला. मग हसली, पदर तोंडाला लावून.
इतकी वर्षं लिहितेय. माझं स्वतःचं काही कुणी इतकं मन लावून ऐकलेलं नाही.

१२ एप्रिल, रवि.
गच्चीवर साडी अंथरलेली. जवळा, बोंबील. आणि कडेला खुर्ची टाकून साळवी कावळे हाकतायत! काकीनंच बसवलं.
“वास येतो का रे?”
“येतो ना काकी.”
“मग बरा. भूक लागंल. जेवायला ये.”
साळवीच सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी कठड्याला टेकून उभी, जग जिंकल्यासारखी.
संध्याकाळी काकीकडून फोटो आला, मला एकटीला. वाळवणाचा, स्वतः काढलेला, कोपऱ्यात तिचं बोट. शब्द एकही नाही.
ग्रुपची लिंक कालच पाठवलीय. काकी अजून आत आलेली नाही. विचारलं, ‘काकी, हा फोटो ग्रुपवर टाकू?’
निळ्या खुणा आल्या. पाहिलंय तिनं.
थांबलेय.