परक्या जर्सीतला पोरगा

मंगळवार, सकाळ
दुकान उघडायच्या आधी

चिरंजीव काटक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आता सगळा देश तुला नावाने ओळखतो, पण माझ्यासाठी तू हाडांचा सापळाच, म्हणून मी काटक्याच लिहिणार. मी ठीक आहे. गुडघा सोडला तर आईही ठीक आहे. जिना चढताना दर मजल्यावर थांबते आणि म्हणते, त्या पोराने घाट चढून सगळा जोर संपवला, मला काही ठेवलाच नाही. बाबांचं पुढे लिहिते.

तुझा मेसेज मिळाला. ‘रविवारच्या सत्काराला मी आलो तर बाबांना चालेल का?’ एवढंच. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी रडेन, आणि मला रडायचं नाहीये, भांडायचंय. कुणाशी, ते लिहिता लिहिता कळेलच.

आधी चौकातल्या तुझ्या फ्लेक्सचं ऐक. गेल्या वर्षी तू पहिल्यांदा सायकलची शर्यत जिंकलास तेव्हा लावलेला, ‘आपल्या मातीचा वाघ’. यंदाच्या शर्यतीतल्या त्या घाटाच्या टप्प्यानंतर दुसऱ्याच सकाळी नगरपालिकेचा माणूस शिडी घेऊन हजर. फ्लेक्स उतरवला, गुंडाळला, चालता झाला. मी दुकानाच्या दारातून विचारलं तर म्हणे साफसफाई चाललीये. मग परवा रविवारी तू अख्खी शर्यत जिंकलास, आणि सोमवारी तोच माणूस, तीच शिडी, तोच वाघ. घडी पडलीये ती बरोबर तुझ्या नाकावर. मी म्हटलं, “आणा इकडे, इस्त्री फिरवून देते.” त्याला काही बोध झाला नाही.

दुकानात तर काय काय ऐकलं म्हणून सांगू! लोक पँटची लांबी कमी करायला येतात आणि जाता जाता तुझीही करून जातात. चेन पडलेल्या गड्याला मागे टाकून पुढे पळायचं नाही, ही म्हणे सायकलवाल्यांची रीत. आणि चेन पडली ती कुणाची, तर सगळ्यांच्या लाडक्या ‘दादा’ची. दरवर्षी दुसरा येतो, दरवर्षी कॅमेऱ्यासमोर रडतो, आणि देश त्याच्यावर जीव ओवाळून टाकतो. तू पळालास. देशी माणसाला मागे पाडून परक्यांच्या संघाला जिंकवलंस. विकला गेला, परक्यांचा नोकर, हे सगळं माझ्या तोंडावर, माझ्याच मशीनवर कोपर टेकवून.

चेन पडलेली तुला दिसली होती, हे तू मला खरं सांगितलंस. मला ते आवडलं नाही, हे मीही तुला सांगितलं. तिथे विषय संपला. पण काही वर्षांपूर्वी याच दादाने एका परदेशी गड्याला पंक्चर झाल्यावर असंच मागे टाकलं होतं ना? तेव्हा याच लोकांनी दुकानात पेढे वाटावेत तसे हसत हसत किस्से सांगितले. त्याला हुशारी म्हणाले! तेव्हा कुठे गेली होती रीत? आणि परक्या संघात तू काय हौसेने गेलास? आपल्या संघाने तुला ‘वारा आला की उडेल’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. तेव्हा एकानेही विचारलं नाही, की पोरगं आपलं आहे, कुठे चाललंय.

आता त्यांना सत्कार करायचाय. अट एकच, संघाची जर्सी घालायची नाही, देशाची घालायची. ती जर्सी काल माझ्याच दुकानात आली, तुझ्या मापाची करायला. नगराध्यक्षांचा माणूस म्हणाला, “तुम्हाला माप माहीत असेल.” माहीत आहे ना. तिला हात लावला नाही. मापाचं निमित्त सांगून परत पाठवली.

हं. आता बाबा.

बाबा घाटावर गेले होते. तुला सांगितलं नव्हतं. आम्हालाही ‘क्लबच्या लोकांबरोबर फिरायला’ एवढंच म्हणाले. मला वाटलं, म्हातारा तोंडाने कौतुक करणार नाही, पण लपूनछपून पोराला बघायला चाललाय. मी तर खूश होऊन त्यांना थर्मास भरून दिला. मूर्ख मी.

परत आले, थर्मास धुऊन जागेवर ठेवला. मग काल संध्याकाळी त्यांच्या क्लबातले चष्मेवाले काका जॅकेटची चेन बदलायला आले. माझ्याकडे असं बघत होते, जणू माझंच लग्न ठरलंय. म्हणाले, “मानलं तुझ्या बापाला. देश म्हणजे देश. पोटच्या पोरालाही सोडलं नाही.” मी म्हटलं, काय सोडलं नाही? तर त्यांनीच सांगितलं, अगदी अभिमानाने. शेवटच्या वळणावर, अगदी जवळून. बाबा तुझ्या तोंडावर थुंकले.

मला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. तशीच घरी गेले आणि तोंडावर विचारलं. नाही म्हणाले नाहीत रे! एकदा जरी खोटं बोलले असते तर मी विश्वास ठेवला असता. म्हणाले, “तिथे तो माझा मुलगा नव्हता. परक्या जर्सीतला माणूस होता.”

“आणि रविवारी स्टेजवर कोण असणार आहे?”

“रविवारी आपली जर्सी घालून येतोय ना.”

हे बोलून त्यांनी सत्कारासाठी घेतलेला नवा शर्ट मला दाखवला. बाही जरा लांब आहे म्हणाले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की तो शर्ट मी त्यांच्या अंगावर फेकला. आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडले. खालच्या मजल्यावरचे दार उघडून बघायला लागले, बघू देत.

रात्री घाटानंतरची तुझी टीव्हीवरची मुलाखत पुन्हा लावली. बातमीदाराने विचारलं तोंडावर काय उडालं, आणि तू हसत म्हणालास, “पाणी असेल कुणाचं तरी. उकडत होतं, बरं वाटलं.” काटक्या, सायकलवर साधी माशी आडवी आली तरी तू शिव्या घालतोस. आणि ‘बाबांना चालेल का’ असं तू कधी विचारलंस रे? बाबा येणार का, एवढंच विचारायचास. तू त्यांना पाहिलंस. ओळखलंस. आणि मग तसाच तो चेहरा घेऊन वरपर्यंत गेलास.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर ऐक. बाबांना चालेल. अगदी पहिल्या रांगेत चालेल, तुझ्या खांद्यावर हात ठेवून फोटोही चालेल. मला चालणार नाही. आधी त्यांनी तुझ्याकडे येऊन माफी मागायची, तुझ्या त्याच परक्या संघाच्या हॉटेलात, तू त्याच परक्या जर्सीत असताना. ते जमत नसेल तर तू येऊ नकोस. नगराध्यक्षांनी त्या फ्लेक्सचा सत्कार करावा. आलास तर तुझा निर्णय, पण त्या स्टेजसमोर मी बसणार नाही.

हे सगळं आत्ता बाबांना वाचून दाखवलं. पाठीमागे लिहिल्यासारखं व्हायला नको म्हणून. त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, “‘थुंकले’ खोड. ‘पाणी उडवलं’ लिही. त्याने स्वतःच तसं सांगितलंय.” मी पेन खाली ठेवलं. आई आतून सगळं ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं. ती बाहेरसुद्धा आली नाही. तिथूनच म्हणाली, “तसंच पाठव.”

तसंच पाठवतेय.

कुठल्याही जर्सीतल्या माझ्या भावाची,
ताई