गुडघ्यामागची रेघ

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहायला बसलोय, म्हणून आधीच कान पकडतो. पण काय करू, माझे दोन्ही हात हल्ली तुझ्या भाचीच्या केसांत अडकलेले असतात. आमची ही सकाळी सहाला दवाखान्यात ड्यूटीवर जाते, त्यामुळे भिंगरीचा अंबाडा घालायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एकवीस आकडे लागतात. बाविसावा लावला की टोचतो म्हणून ती किंचाळते आणि विसावर थांबलो की तिसऱ्या गिरकीत सगळे केस सुटून तोंडावर येतात. तीस वर्षं लोकांचे भांग नीट करून फोटो काढतोय, पण असा छळ कुठल्याही गिऱ्हाइकाने केला नाही.

हे सगळं त्या बॅलेच्या शाळेसाठी, मागे लिहिलं होतं तीच. मुलांनी तिथेच राहायचं, सकाळी नाच आणि दुपारी गणित-भूगोल. वयाची अकरा पूर्ण झाली की दार बंद, आणि भिंगरीला सप्टेंबरात अकरा होतील. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. हे कळल्यापासून तिने घर डोक्यावर घेतलंय. जेवणाच्या टेबलावर टाच टेकवून ती पाठांतर करते. सोफ्याच्या खाली पाऊल अडकवून पाय ताणते. परवा सोफा कलला आणि माझ्या चष्म्याचा चुराडा झाला. रागावलो, तर मलाच म्हणते, बाबा, पाठ ताठ ठेवून रागवा.

अर्जासोबत तीन फोटो मागितले होते, त्यावरून ऑडिशनला बोलावतात. ते मात्र घरचंच काम! तिच्या नाचाच्या बाईंच्या वर्गात दिवे लावून एक पूर्ण दुपार घालवली. उभी राहिली की पोरीचे गुडघे मागे जातात, अगदी तुझ्यासारखे. बगळी नंबर दोन! पण फोटो असे झालेत की बघत राहावं. बाई तापाने घरी होत्या आणि शेवटची तारीख डोक्यावर आलेली, म्हणून त्यांना न दाखवताच पाठवून दिले.

तुझ्या कंबरेचं काय म्हणतेस? कामावरून रजा काढून ये चार दिवस. माया आहेच, आळशी भावावर ती जरा जास्तच राहू दे.

तुझा,
छोट्या

११ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कंबर आहे तशीच आहे, तिचं कौतुक नको. कारखान्यात दिवसाला चार हजार बाटल्या डोळ्यांखालून जातात. काचेत बुडबुडा, तडा, वाकडी मान दिसली की ती बाजूला काढायची. घरी आल्यावर पाण्याचा ग्लासही उजेडात धरून बघते, मग स्वतःलाच हसू येतं.

पोरीवर ओरडत जाऊ नकोस. सोफा तुझा, चष्मा तुझा, पण वर्ष तिचं आहे. अंबाडा घालताना केस आधी जरा ओले कर, तुझ्या बायकोला विचारलं असतंस तर तिनेही हेच सांगितलं असतं. पण तू कुणाला विचारशील तर ना!

आणि ते बगळी वगैरे पुरे. मला म्हणालास ते म्हणालास, तिला म्हणू नकोस. फोटोची एक प्रत धाड, कपाटाला लावीन.

खुशाली दर आठवड्याला कळवावी, एवढंच मागणं.

तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज डोकं ठिकाणावर नाही, अक्षर सांभाळून घे. नकार आला. ऑडिशनलाच बोलावलं नाही. दोन ओळींचं पत्र. पाठवलेल्या छायाचित्रांवरून पायांची रेषा आमच्या शिक्षणास अनुकूल वाटत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. संपलं! सहा महिने पोरगी घाम गाळतेय आणि यांनी पोस्टाच्या तिकिटाएवढा विचार करून निकाल लावला.

बाईंना दाखवलं तर त्यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, कसं शक्य आहे, हिच्यासारख्या पायांसाठी तर त्या शाळा गावोगाव हिंडतात. मग त्यांनी विचारलं की तुम्ही फोटो कसले पाठवलेत. मी म्हटलं, उत्तमातले उत्तम. आता यात माझ्या फोटोंचा काय संबंध? वशिल्याची पोरं आधीच ठरलेली असणार, दुसरं काय.

भिंगरी रडली नाही, तेच जास्त लागतंय. पत्र स्वतःच वाचलं, घडी घालून ठेवलं. पण कालपासून ती गुडघे थोडे दुमडून उभी राहते. दात घासताना, बसच्या रांगेत, सगळीकडे. हिने विचारलं तर म्हणाली, पाय वाईट दिसतात ना, म्हणून. ताई, मला काहीतरी फोडावंसं वाटतंय.

फोटो सोबत जोडतोय. तूच बघ आणि सांग, या पायांत खोट कुठे आहे!

रागाच्या भरात काही कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझा,
छोट्या

१० मार्च

चि. छोट्या,
आशीर्वाद आहेत, पण आज ते खाली वाच, आधी माझं ऐक.

खोट सापडली. पायांत नाही, फोटोत.

आमच्याकडे बाटल्यांच्या मागे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी लावलेली असते. काच चांगली असेल तर पट्टी सरळ दिसते, काचेत दोष असेल तिथे पट्टी वाकते. सव्वीस वर्षं मी फक्त त्या पट्ट्या बघत आले आहे. तुझा बाजूने काढलेला फोटो घे. वर्गाच्या भिंतीला उभ्या लाकडी फळ्या आहेत. भिंगरीच्या गुडघ्यामागे फळ्यांमधली जी रेघ आहे ती पुढच्या बाजूला वाकली आहे. खाली सरळ, वर सरळ, फक्त गुडघ्यापाशी फुगलेली. सुतार असा वेडा नसतो. तू कॉम्प्युटरवर गुडघा पुढे ढकललास, छोट्या, आणि गुडघ्याबरोबर भिंतही ढकलली गेली.

बाई काय म्हणतील माहीत नाही, मला नाचातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळतं की शाळेने तू बनवलेले पाय नाकारले, तिचे नाहीत.

मला राग कशाचा आलाय ते लिहितेच. हे गुडघे माझे आहेत. आई मला भिंतीला पाठ लावून, गुडघे दुमडून अर्धा-अर्धा तास उभं करायची, सरळ होतील म्हणून. तू समोर बसून एक पाय वर घेऊन बगळा करायचास. मी आयुष्यभर लांब झगे घातले, पोहायला कधी शिकले नाही, आणि हे सगळं मी हसण्यावारी नेलं. आता तीच गोष्ट तू तिच्याबाबत केलीस, तीही न सांगता. आणि आता पोरगी माझ्यासारखीच गुडघे दुमडून उभी राहते.

उद्याच्या उद्या शाळेला खरं काय ते लिही. आणि तिलाही सांग. माझा लोभ कमी झालेला नाही, पण या घडीला तो दाखवायची इच्छा नाही.

ताई

१५ मार्च

ती. ताईस,
न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस तुझ्यावरच चिडलो. म्हटलं, हिला बाटल्या तपासून तपासून सगळीकडे तडे दिसायला लागले. मग कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला आणि दुसरा शेजारी ठेवला.

शपथेवर सांगतो, मला आठवतही नव्हतं. लबाडी म्हणून केलं नाही. खांदा खाली असला की मी वर घेतो, गालावरचा डाग पुसतो, डोळा बारीक असला की उघडतो. गिऱ्हाईक खूश होतं, त्याला का ते कळत नाही. हात आपोआप चालतो. पोरीचा गुडघा मागे गेलेला दिसला आणि हात तिथे गेला. मला वाटलं, मी तिला चांगलंच दिसायला मदत करतोय.

बाईंना दोन्ही फोटो दाखवले. मग त्या जे काही बोलल्या ते वर्गातल्या पाच आयांनी ऐकलं. म्हणाल्या की पाय असा मागे वळला की बोटांपासून कंबरेपर्यंत एक लांब बाक दिसतो, शाळा तोच शोधते. मी तो काढून टाकला, आणि पाऊल-कंबर तिथेच ठेवल्यामुळे पोरगी आत्ता पडेल अशी दिसते. म्हणे, तीस वर्षं लोकांचे चेहरे बघता, तुम्हाला मुलगी कशी दिसते हेही कळू नये?

शाळेला लिहिलं. मूळ फोटो जोडले आणि चूक माझी आहे हे सरळ शब्दांत लिहिलं. त्या ओळीला चार कागद फुकट गेले. भिंगरीला अजून सांगितलं नाही. कसं सांगू? तिच्यापुढे उभा राहिलो की अंबाड्याचे आकडेच मोजत बसतो.

लोभ मागायला आज तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
छोट्या

१८ मार्च

चि. छोट्या,
आशीर्वाद.

शाळेला लिहिलंस हे बरं केलंस. आता अर्धं काम राहिलंय आणि तेच अवघड आहे. रविवारपर्यंत तिला सांगितलं नाहीस तर मी पहिल्या बसने येऊन सांगीन, कंबर गेली खड्ड्यात.

सोबत एक तुकडा पाठवते आहे, तो तिला दे. माझ्या शाळेच्या खेळांचा फोटो तुला आठवत असेल, अल्बममध्ये फक्त कंबरेपर्यंतचा आहे. तुम्हाला सगळ्यांना सांगितलं होतं की तो तसाच काढला होता. तो मी कात्रीने कापला होता, दहा वर्षांची असताना. खालचा अर्धा टाकवेना, म्हणून बटणांच्या डब्यात ठेवला. इतकी वर्षं बटणं शोधताना हाताला लागतो आणि मी पुन्हा खाली घालते. आता तो तिच्याकडे राहू दे. वरचा अर्धा तुझ्याच घरी आहे.

तुझ्या बायकोला सांग, दवाखान्यात दमत असेल, जेवण टाळू नको. तुझ्यावरचा राग उतरत आला आहे, घाई करू नकोस.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. (बाबा म्हणाले असं लिहायचं.)

बाबांनी मला मागच्या महिन्यातच एका रविवारी सांगितलं. सकाळपासून ते अंबाडा घालत होते आणि सोडत होते, तेव्हाच मला वाटलं काहीतरी आहे. मग त्यांनी दोन फोटो दाखवले, तुला बगळी म्हणायचे तेही सांगितलं आणि तुझा तुकडा दिला. मी तुझे पाय बघितले आणि आरशासमोर जाऊन माझे बघितले. एकदम सेम आहेत!

नंतर शाळेने मला ऑडिशनच्या शेवटच्या दिवशी बोलावलं. मोठा हॉल होता, माझा नंबर शेवटून पहिला. एक पांढऱ्या केसांच्या बाई माझ्याभोवती फिरल्या, वाकून गुडघ्याला हात लावला आणि दुसऱ्या बाईंना बोलावून दाखवला. मला वाटलं, झालं, घेतलं मला. मग त्या आमच्याशी बोलल्या. म्हणाल्या, पाय फार छान आहेत, पण जागा आदल्या दिवशीच भरल्या. आधीच्या दिवशी आली असती तर घेतली असती. माझं नाव कोणी गळलं तर घ्यायच्या यादीत टाकलं. काल निकाल लागला, कोणीच गळलं नाही.

ऑडिशनहून परत येताना बसमध्ये बाबा म्हणाले, हे माझ्यामुळे झालं. मी हो म्हणाले. आई म्हणाली असं बोलू नये, पण बाबा म्हणाले, बोलू दे. मग मी खूप रडले, आणि त्यांनी मला गप्प केलं नाही.

त्या बाईंनी एका कागदावर दुसऱ्या शाळेचं नाव लिहून दिलं आहे. ती लांब आहे आणि एवढी मोठी नाही, पण बारा वर्षांपर्यंत घेतात. ऑडिशन ऑक्टोबरमध्ये. त्यांनाही तीन फोटो लागतात. आम्ही ठरवलं आहे की ते फोटो तू काढायचे. बाबा फक्त दिवे लावणार. तुला कॅमेरा येत नाही असं म्हणू नकोस, बटण एकच असतं आणि वाकडं काही असेल तर तुला दिसतंच. पण मी वाकडी असले तर राहू दे.

तुझ्या फोटोचा वरचा अर्धा बाबांनी अल्बममधून काढला. आम्ही दोन्ही जोडून मोठा केला, दुकानात समोर लावला आहे. जोडताना मधली कात्रीची रेघ पुसायला बाबांचा हात दोनदा गेला. मी शेजारीच बसले होते. रेघ आहे तशीच आहे.

मी आता सरळ उभी राहते. तू ये, आणि येताना छोटा झगा घालून ये.

तुझी,
धाकटी बगळी